आभाराचा सोमवार

अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगला एक गोष्ट आहे. १६२१ साली प्लिमथला पहिले पीक हाती आल्यावर इंग्लंडहून आलेली माणसे आणि तिथले मूळचे वाम्पानोआग लोक एकत्र जेवले, ही ती गोष्ट. तिच्यात खरे किती आणि मागाहून रंगवलेले किती यावर तिकडे वाद चालतो. पण पाचवीच्या वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगावी अशी ती गोष्ट आहे खरी. कॅनडाच्या थँक्सगिव्हिंगला मात्र तशी गोष्ट नाही. शोधायला गेले तर तीनचार सापडतात आणि त्यांतली एकही धड नाही.

१५७८ साली मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी बर्फातून वाट काढत बॅफिन बेटाशी पोचला. वाटेत पांगलेली गलबते पुन्हा एकत्र आली म्हणून त्याच्या माणसांनी तिथे देवाचे आभार मानले. त्याच सफरीत त्याने सोन्याचे खनिज समजून शेकडो टन दगड इंग्लंडला नेले आणि ते निव्वळ दगडच निघाले. तेव्हा कॅनडातले पहिले आभार जरा घाईनेच मानले गेले, असे म्हणायला हरकत नाही. दुसरी गोष्ट फ्रेंचांची. १६०६ च्या हिवाळ्यात पोर्ट रॉयलच्या वसाहतीत शांप्लँने आळीपाळीने मेजवानी देणारे एक मंडळ काढले. आधी स्कर्व्हीने माणसे मेली होती. या हिवाळ्यात मन रमावे आणि पोटात चांगलेचुंगले जावे, एवढाच हेतू. मिकमॉक लोकांचा प्रमुख मेम्बर्तू या पंगतीला पाहुणा म्हणून असे. टर्की आणि भोपळा आला तो आणखी पावणेदोनशे वर्षांनी, अमेरिकेतल्या क्रांतीनंतर राजनिष्ठ लोक सामानसुमान घेऊन उत्तरेला निघून आले त्यांच्याबरोबर.

सरकारी इतिहास तर याहून गमतीचा. १८६७ साली कॅनडाचा संघ झाल्यानंतरचा पहिला आभारदिन १५ एप्रिल १८७२ रोजी पाळला गेला. कारण काय, तर इंग्लंडचा युवराज दुखण्यातून बरा झाला! एप्रिलात तिकडे शेतात बर्फ वितळत असते. पिकाचा संबंधच नाही. १८७९ पासून हा दिवस दरवर्षी पाळू लागले, तोही पुष्कळ काळ नोव्हेंबरात. १९२१ ते १९३० अशी दहा वर्षे तो महायुद्धाच्या शस्त्रसंधीच्या दिवसाबरोबर एकाच सोमवारी उरकला. शेवटी १९५७ साली ऑक्टोबरचा दुसरा सोमवार कायमचा ठरला. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात पी. टी.चा तास असा फिरतो. ज्या दिवशी जागा रिकामी, त्या दिवशी पी. टी.

अशा या सणाला २०२४ साली मी ओटावात होतो. मुलगी आणि जावई दोघेही तिथे नोकरीला. नातवाच्या जन्माच्या वेळी सौ. सहा महिने राहून आली होती. माझे शाळेपायी राहून गेले होते. नातू सात वर्षांचा झाला तरी आजोबांनी घर पाहिले नाही, हे ऐकून ऐकून शेवटी दसऱ्याच्या सुट्टीला शिल्लक रजा जोडली, दोन किलो कुंदा बांधून घेतला आणि गेलो.

त्या वर्षी दसरा शनिवारी, १२ ऑक्टोबरला होता आणि थँक्सगिव्हिंग सोमवारी, १४ ला. मुलीला तेवढ्यासाठी वेगळी रजा काढावी लागली नाही, याचाच तिला आनंद. तिकडे सणाची तिथी पंचांगात नव्हे, शनिवार-रविवारात पाहतात. आपट्याची पाने कुठून मिळणार? नातवाने अंगणातली मेपलची लाल पाने गोळा केली, वहीत दाबून सरळ केली आणि सर्वांना सोने म्हणून वाटली. मेपलचे पान म्हणजे तिथल्या झेंड्यावरचे चिन्ह. आपल्याला वाटते ते तिथे अनादी काळापासून असेल. प्रत्यक्षात तो झेंडा १५ फेब्रुवारी १९६५ चा. त्याआधी ब्रिटिश निशाण कोपऱ्यात असलेला लाल झेंडा होता आणि तो बदलताना तिथल्या संसदेत महिनोन् महिने भांडण झाले होते.

त्या तीन दिवसांत लोक नेमके काय करतात हे मी गॅलरीत बसून पाहिले. कोणी मोठ्या कागदी पिशव्यांत पालापाचोळा भरून रस्त्याच्या कडेला ठेवतो. कोणी तळ्याकाठच्या लाकडी घराला कुलूप लावायला जातो. थंडीत नळ गोठून फुटू नयेत म्हणून आधी सगळे पाणी काढून टाकावे लागते. डोक्यावरून रानहंसांचे थवे बाणाच्या आकारात दक्षिणेला जात असतात. राष्ट्रगीत नाही, झेंडावंदन नाही, भाषण नाही. मुख्याध्यापकाला हे फार चमत्कारिक वाटते. भाषणाशिवाय सण होतो, हे मला नव्यानेच कळले. आपल्याकडे नवान्न पौर्णिमा किंवा आमच्या कन्नड शेजाऱ्यांची शीगी हुण्णिमे असते, शेतात जाऊन नैवेद्य दाखवतात आणि तिथेच बसून जेवतात, त्या जातीचा हा दिवस. फक्त शेत गेले आहे आणि जेवण उरले आहे.

ओटावा शहर नदीच्या एका काठावर आहे. तो आँटेरिओ प्रांत, बहुसंख्य इंग्रजीभाषक. नदीवर अलेक्झांड्रा पूल आहे, त्याला चालणाऱ्यांसाठी लाकडी फळ्यांची वाट आहे. पंधरा मिनिटांत पलीकडे गेले की गातिनो, म्हणजे क्वेबेक प्रांत, फ्रेंचभाषक. मी रोज सकाळी त्या पुलावरून फिरायला जात असे. मुलगी म्हणे, ‘बाबा, इतकी बागबगीचे आहेत, तुम्हाला पूलच कसा सापडला?’ आता सीमाभागातला माणूस दुसरे काय शोधणार?

पूल ओलांडला की थांबण्याच्या लाल पाटीवर ‘स्टॉप’च्या जागी ‘आरे’ असते. गंमत अशी की खुद्द फ्रान्समध्ये त्या पाटीवर ‘स्टॉप’च लिहितात. ज्याची भाषा धोक्यात नाही त्याला परका शब्द चालतो. ज्याला चोहोबाजूंनी इंग्रजीचा समुद्र आहे त्याला एक ‘स्टॉप’सुद्धा खपत नाही. क्वेबेकमध्ये १९७७ साली फ्रेंचचा मोठा कायदा झाला, २०२२ साली तो आणखी कडक केला, आणि १ जून २०२५ पासून दुकानाच्या पाटीवर फ्रेंचला इतर भाषेच्या निदान दुप्पट जागा द्यावी लागते. आपल्या कर्नाटकात २०२४ च्या कायद्याने पाटीचा साठ टक्के भाग कन्नडला. म्हणजे शेकड्यात पाहिले तर क्वेबेकचा आकडा सहासष्टच्या वर जातो. गणिताच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘बघा, आपल्याला साडेसहा टक्के सवलत आहे!’ बेळगावच्या माणसाला हसण्यासाठी असली गणिते बरी पडतात.

त्या मुक्कामात माझ्याकडे एक नेमके काम होते. मुलगी नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणार होती. पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे राहिले की अर्ज करता येतो, मग वीस प्रश्नांची परीक्षा. पंधरा बरोबर यावे लागतात. सरकारने अभ्यासाला एक पुस्तिका दिलेली असते. रात्री जेवण झाले की मी प्रश्न विचारायचे आणि तिने उत्तरे द्यायची, जशी ती दहावीला असताना. प्रश्न काढता काढता माझाच अभ्यास झाला. त्यांचे राष्ट्रगीत १८८० साली क्वेबेकमध्ये तयार झाले, तेही फ्रेंचमध्ये. आज म्हणतात ते इंग्रजी गीत १९०८ सालचे, आणि ते मूळ गीताचे भाषांतर नाहीच. फ्रेंच गीतात पूर्वज, तलवार आणि क्रूस आहेत. इंग्रजीत देशाच्या रक्षणासाठी खडे राहण्याची ग्वाही आहे. सूर एक आणि अर्थ दोन. १९८० साली ते अधिकृत झाले, आणि २०१८ साली इंग्रजीतला ‘पुत्र’ काढून सर्वांना सामावणारा शब्द घातला. १९७१ साली पिअर त्रूदो यांनी संसदेत धोरण जाहीर केले की देशाच्या अधिकृत भाषा दोन असतील, पण अधिकृत संस्कृती एकही नसेल. हे वाक्य ऐकायला छान आहे. एका घरात ते कसे चालते हे मला दोनच दिवसांनी पाहायला मिळाले.

अर्जाचा विषय निघाला की मुलगी जरा गप्प होई. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे आपोआप संपते. पासपोर्ट परत करायचा. त्या बदल्यात ओसीआय नावाचे कार्ड मिळते, येण्याजाण्याची सोय होते, मतदान मात्र नाही. एका रात्री तिने विचारले, ‘बाबा, तुम्हाला वाईट वाटेल का?’

मी तिला माझ्या वडिलांचे सांगितले. वडील बेळगावात एकाच गल्लीत, एकाच घरात जन्मले आणि वारले. जन्मले तेव्हा मुंबई इलाखा. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठले तेव्हा म्हैसूर राज्य. १९७३ साली त्याचे कर्नाटक झाले. ते गेल्यानंतर, २०१४ साली, शहराचेही नाव बदलले. या सगळ्यात त्यांनी एकही अर्ज भरला नव्हता आणि त्यांना कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. ते जन्मभर ज्याच्यासाठी मोर्चात गेले ते एवढेच, की आम्हाला विचारा. ‘तू अर्ज भरते आहेस, परीक्षा देते आहेस,’ मी म्हणालो. ‘तुला विचारताहेत.’ वाईट वाटेल का, याचे उत्तर मी दिले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही.

सोमवारी शेजारी जेवायला बोलावले होते. शेजारीणबाई ऐंशीच्या घरातल्या, नवरा जाऊन सहासात वर्षे झालेली. नातू त्यांना ‘मेमेर’ म्हणतो. तिकडच्या फ्रेंचांत आजीला तसे म्हणतात, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागलो. त्या आँटेरिओतल्या फ्रेंच. क्वेबेकबाहेर, इंग्रजी प्रांतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांपैकी. म्हणजे नदीच्या चुकीच्या काठावरच्या. आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

टेबलाभोवती मेमेरचा मुलगा, सून, दोन तरुण नातवंडे, आम्ही चौघे, आणि गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ, मूळचे न्यूफाउंडलंडचे. मधोमध भली थोरली टर्की. मी शाकाहारी असल्याने तिच्याकडे आदराने आणि लांबूनच पाहिले. मला कुस्करलेले बटाटे, भाजलेला लाल भोपळा, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी आणि शेवटी पंपकिन पाय. दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ घालून आटवलेला भोपळा आणि खाली खुसखुशीत पापुद्रा. घारग्यांना सातासमुद्रापार चांगले स्थळ मिळालेले पाहून बरे वाटले. कुंद्याचे डबे उघडल्यावर तरुण मंडळींनी तो पायवर घालून खाल्ला. याबद्दल बेळगावच्या मिठाईवाल्यांचे मत मी अजून विचारलेले नाही.

न्यूफाउंडलंडच्या गृहस्थांशी माझे लगेच जमले. ते म्हणाले, ‘मी कॅनडात जन्मलो नाही. कॅनडा माझ्या घरी आला.’ न्यूफाउंडलंड १९४९ साली कॅनडात सामील झाले. हे तेव्हा सहा वर्षांचे. त्याआधी १९४८ मध्ये दोनदा मतदान झाले आणि दुसऱ्या खेपेस अगदी थोड्या फरकाने, शेकडा बावन्नाच्या आसपास, कौल पडला. त्यांचे वडील विरुद्ध बाजूचे. त्यांनी म्हणे मरेपर्यंत पत्रावर देशाचे नाव ‘न्यूफाउंडलंड’ लिहिले आणि पत्रे बिनबोभाट पोचली. मी त्यांना माझ्या वडिलांची हकीकत सांगितली. त्यांनी विचारले, ‘मतदानात तुमच्या बाजूला किती पडली?’ मतदान झालेच नाही, हे त्यांना पटवायला मला थोडा वेळ लागला.

जेवण सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचे असते. धाकट्या नातवाने वायफायचे आभार मानले. न्यूफाउंडलंडकरांनी कॉड माशाचे मानले; १९९२ साली बंद केलेली तिथली कॉडची मोठी मासेमारी २०२४ च्या जूनमध्ये सरकारने पुन्हा खुली केली होती. ‘शास्त्रज्ञ म्हणतात घाई झाली,’ ते म्हणाले, ‘पण मी आभार मानून ठेवतो.’ माझी पाळी आली तेव्हा मी इंग्रजीत सुरुवात केली. मेमेरने हात वर करून थांबवले आणि म्हणाल्या, ‘तुमच्या भाषेत सांगा. याला भाषांतर करू द्या.’ मी मराठीत म्हणालो, माझ्या मुलीला परमुलखात शेजार मिळाला, त्याबद्दल मी आभारी आहे. नातवाने विचार केला. ‘शेजार’ला त्याच्याकडे शब्द नव्हता. मग मेमेरकडे वळून त्याने ते फ्रेंचमध्ये सांगितले. मेमेर हसल्या, त्याला फ्रेंचमध्येच काही म्हणाल्या, त्याने उत्तर दिले, आणि दोघांचे मिनिटभर बोलणे झाले.

टेबलावरच्या बाकीच्यांना त्यातले काही कळले नाही. मला नाही, मुलीला नाही, आणि मेमेरच्या स्वतःच्या नातवंडांनाही नाही. मुलगा मान हलवत होता, पण ती मान मी ओळखतो. गृहपाठ न केलेला विद्यार्थी तशी हलवतो.

आमचा नातू फ्रेंच बोलतो, कारण तो फ्रेंच इमर्शनच्या वर्गात आहे. इंग्रजी शाळेतच बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकवण्याची ही पद्धत १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टला सुरू झाली, तीही इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरल्यामुळे. शेजाऱ्याची भाषा मुलाला यावी, म्हणून पालकांनी शाळेच्या मंडळाकडे खेटे घालणे हा प्रकार मी माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. इंग्रजीसाठी खेटे घालणारे पालक मात्र रोज भेटतात.

जेवणानंतर मी भांडी पुसायला उभा राहिलो आणि मेमेर विसळता विसळता बोलत होत्या. १९१२ साली आँटेरिओ सरकारने रेग्युलेशन १७ नावाचा नियम काढला. फ्रेंच मुलांना फ्रेंचमधून शिकवायचे ते पहिली दोन वर्षे, पुढे इंग्रजी. ओटावात लोअर टाउन भागात गिग नावाची शाळा होती. नियम न मानणाऱ्या देलोज आडनावाच्या दोन बहिणी तिथे शिक्षिका. त्यांना वर्गातून काढले. १९१६ च्या जानेवारीत मुलांच्या आया शाळेत शिरल्या, बहिणींना पुन्हा वर्गात बसवले आणि दारात पहारा दिला. हातात काय, तर डोक्यावरची टोपी केसांत अडकवायची लांब पोलादी पिन आणि स्वयंपाकघरात सापडतील ती आयुधे. पोलीस आले आणि परत गेले. इतिहासात याला हॅटपिनांची लढाई म्हणतात. १९२७ साली सरकारने नियम गुंडाळून ठेवला. २०१६ च्या फेब्रुवारीत, तब्बल शंभर वर्षांनी, आँटेरिओच्या मुख्यमंत्री कॅथलीन विन यांनी विधिमंडळात माफी मागितली.

‘माझी आजी त्या दारात होती,’ मेमेर म्हणाल्या. मग हसून, ‘ओटावातल्या प्रत्येक फ्रेंच घरातली आजी त्या दारात होती. एवढ्या बायका मावल्या कशा, देव जाणे.’ मला १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाची आठवण झाली. हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आल्याचे सांगणारे सगळे खरोखर आत असते, तर त्या तुरुंगाला तीन मजले चढवावे लागले असते.

मी विचारले, ‘मग तुमच्या घरात काय झाले?’ हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘काही झाले नाही. नवरा इंग्रज होता. सासूने टर्की भाजायला शिकवली. आमच्या माहेरी या सणाचे कोणाला फारसे नव्हते. जेवताना त्याला कळावे म्हणून मी मुलांशी इंग्रजीत बोलायची. त्याला एकट्याला बाहेर कसे ठेवायचे? ते असभ्य झाले असते.’

कॅनडाचे लोक फार सभ्य. रस्त्यात तुम्ही त्यांना धक्का दिलात तर तेच ‘सॉरी’ म्हणतात. पण या सभ्यतेचा हा हिशेब मी प्रथमच ऐकत होतो. पोलिसांना जे जमले नाही ते जेवणाच्या टेबलाने केले, कोणाचेही मन न दुखवता. आज त्यांच्याकडे हक्काचे काही कमी नाही. १९८२ च्या हक्कांच्या सनदेचे तेविसावे कलम अल्पसंख्य भाषकांना आपल्या भाषेतल्या शिक्षणाचा हक्क देते, आणि १९९८ पासून आँटेरिओत फ्रेंच शाळांची स्वतंत्र बारा मंडळे आहेत. आपल्या राज्यघटनेतल्या ३५०-क कलमाचे कागद हातात घेऊन आम्ही ज्या दारांत उभे राहतो, तिथे असे कलम आणि असे मंडळ मिळाले असते तर आम्ही दिवाळी केली असती. तरी मेमेरच्या नातवंडांना आजीशी तिच्या भाषेत बोलता येत नाही.

सक्तीने भाषा मरत नाही, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही. नातवाच्या कपाटात एक केशरी शर्ट होता. तिकडे ३० सप्टेंबरला शाळेतली मुले असा शर्ट घालतात. २०२१ पासून तो सत्य आणि समेट यांचा राष्ट्रीय दिवस आहे. मूळ रहिवाशांची दीड लाखांवर मुले शंभरहून अधिक वर्षे घरांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली. तिथे आपल्या भाषेत बोलले की शिक्षा होई. कित्येक मुले परत आलीच नाहीत. त्या शाळा चालवणारेही स्वतःला शिक्षकच म्हणवत होते. हे वाचल्यावर मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला काही वेळ बोलवत नाही. ओटावातल्या शाळेत सकाळी सांगतात की ही भूमी अल्गोंक्विन अनिशिनाबे लोकांची आहे आणि त्यांनी ती कधी सोडून दिलेली नाही. नातू ते पाढ्यासारखे म्हणून दाखवतो. मग आभार नेमके कोणाचे मानायचे, हा प्रश्न त्या देशात सोमवारी कोणी मोठ्याने विचारत नाही, पण तो टेबलावर असतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या मराठी शाळेत आठवीच्या चार तुकड्या होत्या. आता दोन आहेत, आणि दुसरी भरताना मे महिन्यात घरोघर फिरावे लागते. गेलेली मुले कन्नड शाळेत गेलेली नाहीत. ती इंग्रजी शाळेत गेली, आणि त्यांना तिथे कोणी ढकलले नाही. मराठीसाठी लाठ्या खाल्लेल्या माणसाच्या नातवाचा दाखला मी स्वतः सही करून दिला आहे. आजोबाच न्यायला आले होते. चहा पिऊन गेले.

आम्ही अजून मेमेरच्या घरी असतानाच जावयाचा फोन सारखा वाजू लागला. त्या दिवशी कॅनडाने भारताच्या सहा राजनैतिक अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितले आणि भारताने कॅनडाच्या सहा जणांना. उच्चायुक्तांना माघारी बोलावत असल्याचे भारताने जाहीर केले. सुट्टीच्या दिवशी पोलीसप्रमुखांची पत्रकार परिषद, पंतप्रधानांचे निवेदन, सगळे झाले. जावयाने ते हळू आवाजात मराठीत सांगितले. मुलीचा चेहरा उतरला. मेमेरच्या मुलाच्या फोनवरही तीच बातमी आली असावी. त्याने आमच्याकडे पाहिले आणि नजर वळवली. अशा वेळी पाहुण्यांनी काय बोलायचे, हे कोणत्याच पुस्तिकेत नसते.

मेमेरनीच विचारले, ‘आता यांच्या पत्नीला येण्याचा व्हिसा मिळायला अडचण येईल का?’ जावई म्हणाला, माहीत नाही. ‘मग पाय जास्त न्या घरी,’ त्या म्हणाल्या आणि उरलेला अर्धा पाय डब्यात भरायला लागल्या. न्यूफाउंडलंडकरांनी आपला कोट शोधला. त्यांनी जाताना माझा हात जरा जास्त वेळ धरला, एवढेच.

पुढच्या वर्षी पुष्कळ गोष्टी फिरल्या. अमेरिकेचे अध्यक्ष कॅनडाला एकावन्नावे राज्य म्हणू लागले, आयातकर लावू लागले, आणि कधी झेंडा न लावणाऱ्या त्या गल्लीत घराघरांवर मेपलचे पान फडकू लागले. ‘बाबा, मेमेरनीसुद्धा लावला,’ मुलीने फोनवर सांगितले. २०२५ च्या जूनमध्ये दोन्ही देशांचे पंतप्रधान कॅननास्किसला भेटले आणि उच्चायुक्त पुन्हा नेमायचे ठरले. त्याच सुमारास मुलीचा शपथविधी झाला. परीक्षेत वीसपैकी वीस. शपथ इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत म्हणवून घेतात. राजे तिसरे चार्ल्स यांच्याशी निष्ठेची, आणि आता मूळ रहिवाशांचे हक्क मान्य करण्याचीही. आपल्या लेकीने इंग्लंडच्या राजाची शपथ घेतली हे ऐकून सौ. खूप हसली आणि मग देवघरात जाऊन बराच वेळ बसली.

पासपोर्ट परत करण्याचा अर्ज मुलीने त्याच आठवड्यात भरला. फोनवर ते सांगून झाल्यावर म्हणाली, ‘बाबा, पहिलीचं मराठीचं पुस्तक पाठवाल का? तुमच्या तिकडचंच पाठवा.’ आठवड्यातून दोन संध्याकाळी, जेवणानंतर, ती नातवाला घेऊन बसणार होती. मी शेजारच्या प्राथमिक शाळेतून दोन प्रती मागून घेतल्या आणि पोस्टात टाकल्या. पोचायला महिना लागला. पुस्तक मिळाले त्या रात्री नातवाचा व्हिडिओ कॉल आला. त्यावर कर्नाटक सरकारची मुद्रा असते. ती कॅमेऱ्यापुढे धरून त्याने विचारले, ‘आजोबा, हा दोन डोक्यांचा पक्षी कोणता?’

‘गंडभेरुंड,’ मी म्हणालो. त्याला ते म्हणता येईना. तीनदा म्हणवून घेतले. चौथ्यांदा जमले.